दुर्गाबाई खोटे यांचा अभिनय-व्यवसाय

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा त्यांना हरिश्चंद्र मिळाला, विश्वामित्र मिळाला, रोहिदासाच्या कामाला तर घरचाच मुलगा मिळाला; मिळेना ती तारामती. कॅमेऱ्यापुढे उभी राहावयास कोणी स्त्री तयार होईना. शेवटी मुंबईत ग्रँट रोडच्या बाजूला एका उपाहारगृहात कामाला असलेल्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून राणी करावे लागले. पुढे चार वर्षांनी ‘लंकादहन’ निघाला त्यात ह्याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली. आज हे ऐकून आपल्याला हसू येते. पण त्या काळच्या प्रेक्षकाला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. नारायणराव राजहंसांना भामिनी आणि रुक्मिणी म्हणून पाहणारा, त्यांच्या शालूची आणि केशभूषेची नक्कल आपल्या घरच्या बायकांनी केलेली पाहणारा तो प्रेक्षक. त्याच्या लेखी स्त्रीभूमिका ही पुरुषाने साधावयाची एक विद्याच होती.

त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १९३२ साली, प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात हीच हरिश्चंद्राची कथा पुन्हा घेतली. ह्या वेळी चित्र बोलत होते. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, दिग्दर्शक होते व्ही. शांताराम, आणि तारामती होत्या मुंबईचे नामांकित सॉलिसिटर पांडुरंगराव लाड यांच्या कन्या दुर्गाबाई खोटे. ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला आद्य बोलपट म्हणून गणला जातो. त्याची प्रत सुदैवाने टिकून आहे, त्यामुळे त्या तारामतीबद्दल आपल्याला केवळ ऐकीव बोलावे लागत नाही.

ह्या दोन तारामतींमधले अंतर कसे ओलांडले गेले ते सांगताना आपल्याकडे एक वाक्य ठरून गेले आहे. घरंदाज घराण्यातली एक सुशिक्षित स्त्री चित्रपटात आली आणि त्या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळाली, असे ते वाक्य. त्यात खोटे काही नाही, पण अपुरे फार आहे. प्रतिष्ठा दुर्गाबाईंच्या घराण्याने आणली असे एकदा म्हटले, की त्यांच्या आधी आलेल्या स्त्रिया अप्रतिष्ठित ठरतात, आणि खुद्द दुर्गाबाईंनी साठ वर्षे जे काम केले तेही घराण्याच्या नावाखाली झाकून जाते. दोन्ही अन्याय आम्हांला मान्य नाहीत.

आधी आलेल्या स्त्रियांचे म्हणाल तर १९१३ सालीच, फाळक्यांच्या दुसऱ्या चित्रात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई ह्या मायलेकींनी कामे केली होती. पतीपासून वेगळ्या झालेल्या, पोटासाठी नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरणाऱ्या त्या बाई. जातीने ब्राह्मण असल्या तरी त्यामुळे कोणी त्यांचे स्वागत केले नाही. उलट बोल अधिक लागला. मूकपटांच्या काळात सुलोचना या पडद्यावरच्या नावाने गाजलेल्या रूबी मायर्स, किंवा झुबेदा, ह्यांनी हजारो प्रेक्षक खेचून आणले होते. रंगभूमीवर हिराबाई बडोदेकर आणि त्यांची भावंडे १९२९ पासून स्त्रीपुरुषांची मिश्र नाटके करीत होती. दार बरेच उघडलेले होते. पांढरपेशा समाजाची दृष्टी मात्र त्या दाराकडे वळलेली नव्हती; आपल्यासारख्याच घरातली कोणी तिथून आत गेली तेव्हा ती वळली. ह्यात मोठेपणा असलाच तर समाजाचा नव्हे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेरचे नाव विठा. शाळा कॅथीड्रल, कॉलेज सेंट झेविअर. म्हणजे मुंबईच्या वरच्या थरातल्या मुलीचे जे शिक्षण असे, ते सारे. विशीच्या आतच खोटे यांच्या श्रीमंत घरात लग्न झाले, दोन मुलगे झाले. पुढे सासरचे वैभव ओसरले. हाताशी शिक्षण, पदरात दोन लहान मुले आणि मिळकत नाही, अशी अवस्था आली. पतीही तारुण्यातच निवर्तले. शिकवण्या करून पाहिल्या. त्या काळी शिकलेल्या बाईला राजरोस पैसा मिळविण्याचे मार्ग किती होते? मास्तरीण, नर्स, क्वचित डॉक्टर. चित्रपटाकडे दुर्गाबाई गेल्या त्या कलेच्या ओढीने घरदार सोडून नव्हे. त्या पैसे मिळविण्यासाठी गेल्या, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मी, दुर्गा खोटे’ ह्या आत्मचरित्रात पैशाचा हिशेब ज्या मोकळेपणाने येतो, तसा तो आपल्या नटनट्यांच्या आठवणींत फार थोड्या ठिकाणी सापडेल. अर्थार्जनाची गरज ही कलावंताच्या चरित्रातली काहीतरी कमीपणाची बाब आहे, असे समजण्याची आपल्याला खोड आहे. दुर्गाबाईंच्या बाबतीत त्या गरजेनेच त्यांना शिस्त लावली असे आमचे मत आहे.

पहिला अनुभव वाईट आला. १९३१ साली मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ ह्या चित्रात त्यांनी एक लहानसे काम केले. चित्र बहुतेक मूकच. बोलपटाची लाट आली म्हणून दहाएक मिनिटांचा बोलका भाग त्याला जोडलेला, आणि त्या भागात ह्या. जाहिरातीत मात्र त्यांच्या घराण्याचा गाजावाजा करण्यात आला. चित्र पडले, टीका झाली, आणि नामांकित घराण्याची म्हणून जिची जाहिरात झाली तिचीच नाचक्की सर्वांत जास्त झाली. घराण्याची पुण्याई म्हणतात ती अशी कामी आली! दुसरी एखादी तिथेच थांबली असती. पण ह्याच पडेल चित्रातले त्यांचे काम शांताराम यांच्या नजरेत भरले आणि तारामतीसाठी प्रभातकडून विचारणा झाली. ह्या वेळी वडिलांची संमती घेऊन त्या कोल्हापुरास गेल्या.

तिथे काय शिकावे लागले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. १९३२ चा बोलपट म्हणजे आजचा नव्हे. ध्वनिग्राहक एका जागी टांगलेला. त्याच्या टप्प्यात राहूनच नटाने बोलावयाचे, हलावयाचे, रडावयाचे. पार्श्वगायनाची युक्ती हिंदुस्थानात आली १९३५ च्या सुमारास. तोवर ज्याने गाणे म्हणावयाचे त्यानेच कॅमेऱ्यापुढे उभे राहून गावयाचे, आणि वादक मंडळींनी चित्रात दिसणार नाही अशा बेताने आसपास बसून साथ करावयाची. सूर चुकला तर अभिनय कितीही साधलेला असो, सारा शॉट पुन्हा. अभिनय चुकला तर गाणे पुन्हा. त्यातून प्रभातने हे चित्र मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत एकदमच काढले. म्हणजे प्रत्येक प्रसंग मराठीत झाला की तोच हिंदीत. एकच दुःख दिवसातून दोनदा, दोन भाषांत भोगावयाचे, आणि दोन्ही वेळा ते खरे दिसले पाहिजे. गाण्याची बाजू गोविंदरावांच्या हाती. ते स्वतः हार्मोनिअमचे थोर वादक, ‘मानापमान’च्या चाली देणारे, त्यांच्यासमोर ‘मला गाणे जमत नाही’ असे म्हणून सुटका होण्यासारखी नव्हती. संस्कृतप्रचुर पौराणिक मराठी बोलण्याचा सराव इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला करावा लागला असणार, ते वेगळेच. दुर्गाबाईंच्या पाठीशी नाटक कंपनीतली उमेदवारी नव्हती. लहानपणापासून विंगेत उभे राहून दुसऱ्याची भूमिका पाठ करण्याचा, चुकून शिव्या खाण्याचा जो अभ्यासक्रम मराठी नटाला असतो, तो त्यांना मिळाला नाही. जे शिकावयाचे ते चित्रणाच्या जागी, उभ्या उभ्याच.

ही उणीव होती, पण तिचा एक लाभही झाला. आमच्या रंगभूमीवरची स्त्रीभूमिका पुरुषांनी घडविलेली होती. चालण्यातला तो मुरका, पदर सावरण्याची ती ठरीव लकब, लाजताना मान वेळावणे, हे सारे निरीक्षणाने आणि कष्टाने कमावलेले सौंदर्य होते. बालगंधर्वांच्या ठिकाणी ते परमोच्च अवस्थेला पोचले होते. पण पुरुषाने स्त्री दिसावयाचे म्हणून प्रत्येक हालचालीत स्त्रीत्वाची खूण पटवून द्यावी लागे. जी मुळात स्त्रीच आहे तिला ती खूण पटविण्याचे कारण काय? गंमत अशी की पुढे रंगभूमीवर आलेल्या पुष्कळ स्त्रियांनीही बालगंधर्वांचीच स्त्री उचलली, म्हणजे स्त्रीची पुरुषाने केलेली नक्कल पुन्हा स्त्रीने केली. दुर्गाबाई त्या पेठेतून आलेल्याच नव्हत्या. ‘अयोध्येचा राजा’ पाहताना पहिल्यांदा डोळ्यांत भरते ते हे, की ही तारामती सरळ उभी राहते. काशीच्या बाजारात विकावयास उभी केलेली राणी. पण खांदे पाडलेले नाहीत, मान वाकलेली नाही. चित्राची एकंदर चाल नाटकी आहे, संवाद संथ आहेत, मध्येच पदे येतात. आजच्या प्रेक्षकाला काही ठिकाणी धीर धरावा लागेल. त्या सगळ्यात ह्या बाईंचे उभे राहणे मात्र आजही जुने वाटत नाही. दुःखाचा अभिनय करताना त्या शरीराने कोसळत नाहीत, आणि म्हणून ते दुःख राणीचे वाटते.

आम्हांला तर त्यांच्या साऱ्या कलेचे मूळ ह्या उभे राहण्यात दिसते. त्याच वर्षी आलेल्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याच्या राणी झाल्या, आणि सोबतीला पाळीव चित्ता घेऊन पडद्यावर वावरल्या. तारामतीची सोशिकता आणि ह्या राणीचा तोरा ही दोन टोके. पण दोन्हींना पुरणारी अंगकाठी, आवाज आणि चेहऱ्याची ठेवण एकच.

त्या दिवसांत चित्रपटसंस्था म्हणजे एक प्रकारची गिरणीच होती. नट, नटी, सुतार, रंगारी, सगळे महिन्याच्या पगारावर. आणि करार असेपर्यंत दुसरीकडे काम करावयाचे नाही. दुर्गाबाईंनी हा रिवाज मोडला. प्रभातशी संबंध उत्तम असतानाही त्या एका संस्थेच्या होऊन राहिल्या नाहीत; चित्रागणिक करार करून काम करणाऱ्या पहिल्या कलावंतांत त्यांची गणना होते. हे धाडस आज लक्षात येत नाही. पगार बांधलेला असला की चित्र पडले तरी घरची चूल पेटते. तो आधार सोडून, दोन मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी असताना, आपल्या कामाची किंमत आपण ठरवावयाची असे एका बाईने १९३०च्या दशकात म्हणणे ही लहानसहान गोष्ट नव्हती.

ह्या मोकळेपणामुळेच त्या कलकत्त्यास जाऊ शकल्या. तिथे न्यू थिएटर्ससाठी देवकी बोस यांनी १९३३ साली काढलेल्या ‘राजरानी मीरा’मध्ये त्यांनी मीरेचे काम केले, आणि पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’मध्ये सीतेचे. ‘सीता’ १९३४ च्या व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला आणि त्याला सन्मानपत्र मिळाले. राम होते पृथ्वीराज कपूर. हे नाव ध्यानात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे. बंगाली दिग्दर्शकांची रीत शांतारामांहून निराळी. प्रभातचे चित्र म्हणजे आखीव रेखाटन, प्रत्येक हालचालीमागे एक मुद्दा. देवकी बोस यांचा भर गाण्याच्या आणि भक्तिभावाच्या अंगाने जाणाऱ्या संथ प्रवाहावर. दोन्ही शाळांत बसलेली मराठी नटी त्या वेळी दुसरी क्वचितच असेल.

१९३६ साली त्या पुन्हा प्रभातकडे आल्या. तोवर कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आली होती. चित्र ‘अमरज्योती’, आणि भूमिका सौदामिनीची. ह्या भूमिकेपाशी आम्ही जरा थांबू इच्छितो.

सौदामिनी ही राज्यातल्या कायद्याने नाडलेली स्त्री. पतीपुढे तिला हक्क नाही. आईपणाचा म्हणून जो हक्क, पोटचा मुलगा आपल्यापाशी ठेवण्याचा, तोही तिला नाकारला जातो. दाद मागावयास गेली तर मंत्री दुर्जय तिला सांगतो की स्त्री ही नवऱ्याची दासी, तिला कसली दाद. मग ती समुद्रावर जाते आणि चाच्यांची पुढारी होते. आणि पुढे हाच दुर्जय हाती सापडतो तेव्हा ती त्याचा पाय तोडविते. दुर्जय झाले होते चंद्रमोहन. त्यांचे ते प्रसिद्ध डोळे शांतारामांनी कॅमेऱ्याला इतके जवळ आणले आहेत, की समोर एखादी साधारण नटी असती तर चित्र त्यांचेच झाले असते. शिवाय शांता आपट्यांसारखी गळ्यात वीज असलेली गायिका त्याच चित्रात. दुर्गाबाईंनी ह्या दोघांशी त्यांच्या हत्याराने सामना केला नाही. डोळे वटारले नाहीत, गाण्यात चढाओढ केली नाही. सौदामिनीचा क्रोध त्यांनी आवाजाच्या खालच्या पट्टीत ठेवला. सूडाने माणूस ओरडत नाही, सूड जुना झाला की माणूस शांत होतो, हे त्यांना कळलेले होते. त्या सूडाखाली हरवलेल्या मुलाची आठवण दडलेली आहे, आणि तीही त्या शब्दांनी उघड करीत नाहीत; एखाद्या क्षणी चेहरा मऊ होतो, बस्स. स्त्रीच्या हक्कांवर १९३६ साली व्याख्याने पुष्कळ होत होती, खुद्द ह्या पुण्यात होत होती. त्या व्याख्यानांना जे साधले नाही ते ह्या चित्राने साधले असा दावा आम्ही करणार नाही. पण बाईच्या रागाला कारण असते, एवढे तरी थिएटरात बसलेल्या सामान्य माणसाला दिसले.

१९४०नंतर नायिकेची कामे कमी होऊ लागतात. नटीच्या आयुष्यातला हा सर्वांत अवघड वळसा. पुष्कळ जणी तिथे घसरतात, कित्येक जणी वय चोरण्यात उरलेली शक्ती घालवितात. दुर्गाबाईंनी पस्तिशी ओलांडताच सासू केली. आचार्य अत्र्यांच्या ‘पायाची दासी’मध्ये, १९४१ साली, वनमाला सून आणि ह्या तिला छळणारी सासू. हिंदीत तेच चित्र ‘चरणों की दासी’. पुढच्याच वर्षी विजय भट्टांच्या ‘भरत मिलाप’मध्ये कैकेयी. आठ वर्षांपूर्वी जिने सीता केली तिनेच आता शोभना समर्थांच्या सीतेला वनात धाडावयाचे! ह्या दोन्ही कामांची बंगालच्या चित्रपट-पत्रकारांनी उत्कृष्ट अभिनय म्हणून वाखाणणी केली.

दुष्ट स्त्रीची भूमिका करताना नट दोन चुका करतो. एक तर तिला राक्षसी करतो, नाही तर प्रेक्षकांची सहानुभूती जाऊ नये म्हणून हळूच तिची बाजू घेतो. दुर्गाबाई दोन्ही करीत नाहीत. त्यांची वाईट बाई स्वतःला वाईट समजत नाही. आपण घर चालवितो आहो, आपल्या मुलाचे हित पाहतो आहो, अशी तिची खात्री असते. अशी सासू प्रत्येक आळीत एक तरी असते, म्हणूनच ती पडद्यावर पाहताना प्रेक्षक अस्वस्थ होतो. १९४३ साली सोहराब मोदींच्या ‘पृथ्वीवल्लभ’मध्ये त्यांनी मृणालवती केली. कन्हैयालाल मुन्शींच्या कादंबरीवरचे हे चित्र. जिंकून आणलेल्या राजा मुंजाला नमविण्याचा हट्ट धरणारी ही कठोर, विरागी राजस्त्री, आणि त्याला नमविता नमविता तीच त्याच्यावर अनुरक्त होते. सोहराब मोदींचा आवाज म्हणजे दुंदुभी. पारशी रंगभूमीची सगळी परंपरा त्यात घुमत असे. त्यांच्यासमोर उभे राहून शब्दाला शब्द देणे हे मोठ्या ताकदीचे काम होते आणि दुर्गाबाईंनी ते बरोबरीने केले. आमच्या मते त्यांच्या हिंदी भूमिकांत ही सर्वांत अवघड.

ह्याच सुमारास त्यांनी रंगभूमीकडेही मोर्चा वळविला. सामान्यतः माणूस नाटकातून सिनेमात जातो. ह्या सिनेमातून नाटकात आल्या. बोलपटाने मराठी नाटक कंपन्या पार बसविल्या होत्या. पडद्यावर नाव मिळविलेली नटी पडत्या काळातल्या रंगभूमीवर, थोड्या प्रयोगांसाठी, तालमींना वेळ देऊन काम करते, ह्यात पैशाचा हिशेब उघडच नव्हता. मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. भालेरावांच्या पुढाकाराने नाट्यमहोत्सवांची जी चळवळ केली, तिच्याशी दुर्गाबाईंचे नाव जोडलेले आहे. त्यातली सर्वांत गाजलेली भूमिका म्हणजे खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई. समोर राघोबादादा म्हणून नानासाहेब फाटक.

पुणेकरांना आनंदीबाई सांगावयास नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून आनंदीबाईंचे नाव बखरींतून, कहाण्यांतून, आयाबायांच्या तोंडून इतके घोटले गेले आहे, की रंगमंचावर ती आली की प्रेक्षक आधीच निकाल देऊन बसलेला असतो. खाडिलकरांनी १९०९ साली हे नाटक लिहिले. गादीवर अर्धवट बसलेला, मनाने डळमळीत नवरा आणि त्याला पुढे रेटणारी बायको. तिसऱ्या बाजूला रामशास्त्र्यांचा न्याय. नानासाहेबांचा आवाज खणखणीत, पल्लेदार, मोठ्या पल्ल्याची स्वगते पेलणारा. त्यांच्या राघोबाशेजारी ही आनंदीबाई कमी बोलून जास्त करणारी होती. मायक्रोफोनसमोर दहा वर्षे कुजबुजून बोललेल्या नटीला मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचविण्याची विद्या पुन्हा मुळापासून कमवावी लागते. श्वास वेगळा घ्यावा लागतो, वाक्य वेगळे तोडावे लागते. आणि पडद्यावर क्लोजअपमध्ये पापणीच्या हालचालीने जे सांगता येते ते इथे सबंध शरीराने सांगावे लागते. ते त्यांनी चाळिशीच्या आसपास शिकून घेतले. १९५४ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यमहोत्सवात ‘भाऊबंदकी’ मराठीचे प्रतिनिधी म्हणून गेले. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ केले त्यातही नवऱ्याला खुनाकडे ढकलणारी राणी दुर्गाबाईच. आनंदीबाई जिने केली तिला लेडी मॅकबेथ परकी वाटली नसावी. शनिवारवाडा आणि स्कॉटलंडचा किल्ला ह्यांत भिंतींचाच काय तो फरक. संगीत नाटक अकादमीने १९५८ साली अभिनयासाठी त्यांना गौरविले आणि १९६१ साली दिल्लीच्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

हिंदी पडद्यावर तोपर्यंत त्या ‘आई’ झाल्या होत्या. १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई सर्वांनी पाहिलेली आहे. अकबर पुन्हा पृथ्वीराज कपूर. १९३४ चे राम-सीता सव्वीस वर्षांनी शहेनशहा आणि मलिका होऊन समोरासमोर आले. त्या भव्य चित्रात आरसेमहाल आहे, हत्ती आहेत, फौजा आहेत, मधुबालेचे सौंदर्य आहे, पृथ्वीराजांची गर्जना आहे. जोधाबाईच्या वाट्याला फार बोलणे नाही. एका बाजूला पती, दुसऱ्या बाजूला नवसासायासाने झालेला मुलगा, आणि दोघांत युद्ध. कुठलीही बाजू घेतली तरी ती हरणारच. दुर्गाबाई हे सगळे केवळ ऐकण्याच्या अभिनयाने दाखवितात. दुसरा बोलत असताना काय करावे हे ज्या नटाला कळले त्याला बरेच कळले. आपल्याकडे बहुतेक नट त्या वेळात आपल्या पुढच्या वाक्याची वाट पाहत उभे असतात.

पुढे ‘बॉबी’मध्ये (१९७३) त्या गोव्याच्या ख्रिस्ती म्हाताऱ्या मिसेस ब्रिगँझा झाल्या, ‘अभिमान’मध्ये मावशी झाल्या, आणि १९७४ च्या ‘बिदाई’तल्या आईसाठी, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांना फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. ह्या शेवटच्या काळातल्या सगळ्याच भूमिका सारख्या तोलाच्या होत्या असे म्हणता यायचे नाही. पुष्कळ चित्रांत आईला करण्यासारखे काही नसेच; आजारी पडावयाचे, देवापुढे हात जोडावयाचे, मुलाने मिठी मारली की डोळे पुसावयाचे. दोनशेच्या घरात गेलेल्या चित्रांतली कित्येक आज कोणाला आठवत नाहीत, आणि आठवावीत असेही नाही. त्या कामांना त्यांनी काम म्हणूनच हात घातला. वेळेवर जावयाचे, पाठ तयार ठेवावयाचा, दिग्दर्शक वयाने नातवाएवढा असला तरी त्याचे ऐकावयाचे. त्याबद्दल कुरकूर नाही, की उगाच मोठेपणाही नाही.

दरम्यान त्यांनी आणखी एक व्यवसाय उभा केला होता. ‘फॅक्ट फिल्म्स’ आणि पुढे ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ ह्या नावांनी लघुपट आणि जाहिरातपट काढण्याचा. १९८८ साली दूरदर्शनवर ‘वागळे की दुनिया’ लागू लागली, तेव्हा त्या मध्यमवर्गी कारकुनाच्या गोष्टीवर देश खूश झाला. ती ह्याच संस्थेची निर्मिती होती हे फार थोड्यांनी वाचले असेल. आर. के. लक्ष्मण यांची पात्रे, कुंदन शहा यांचे दिग्दर्शन, आणि संस्थेच्या मुळाशी मूकपट संपता संपता कामाला लागलेली एक बाई, वय वर्षे त्र्याऐंशी.

ह्या साठ वर्षांत घरी दुःखे थोडी आली नाहीत. हरिन हा मुलगा ऐन उमेदीत गेला. ज्या मुलांसाठी म्हणून हा व्यवसाय पत्करला, त्यांतल्या एकाचे जाणे पाहण्याची पाळी आली. आत्मचरित्रात हा भाग त्यांनी ज्या संयमाने लिहिला आहे तो वाचताना सौदामिनीचा खालच्या पट्टीतला आवाज आठवतो. पद्मश्री १९६८ साली मिळाली होती. दादासाहेब फाळके पारितोषिक १९८३ साठी मिळाले. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती त्यांच्या नावाचे पारितोषिक ह्या तारामतीला मिळाले, ही योजना कोणी जाणूनबुजून केलेली नव्हती.

शेवटची वर्षे त्यांनी अलिबागेकडे काढली आणि २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या वारल्या. प्रभातच्या ज्या पुण्यातल्या आवारात सौदामिनीचे जहाज उभे केले होते तिथे आज चित्रपटविद्येची शासकीय संस्था आहे. अभिनय शिकावयास येणारी मुले-मुली त्याच आवारात वावरतात. जवळच लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ‘अयोध्येचा राजा’ कोठे दाखविला जात असेल तेव्हा श्रोत्यांनी अवश्य जावे, आणि काशीच्या बाजाराचा प्रसंग येईपर्यंत धीर धरून बसावे.